बुडालेल्या शेअरचे पैसे काढून देतो म्हणाला आणि वर २३,५०० घेऊन गेला

कंपनी दिवाळखोरीत गेली, ट्रेडिंग बंद झालं, माझे २,३४,६०० रुपये अडकले. ते कसं झालं हे लिहीत बसत नाही, ज्यांचे अडकलेत त्यांना ठाऊक आहे. संताप आहे तो त्यानंतरच्या चोरीचा.

अशा कंपनीचे भागधारक ग्रुपवर गोळा होतातच. आमच्या ग्रुपवर एक 'समन्वयक' उगवला. एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, सामूहिक दावा लावू म्हणाला. कंपनी कायदा २०१३, कलम २४५, शंभर भागधारक पुरतात, सगळं तोंडपाठ. सत्यम कंपनीच्या हिशेब घोटाळ्याच्या वेळी अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर वसूल केले, इथल्यांना तशी भरपाई मिळाली नाही, हे तो असं सांगायचा की रक्त उसळायचं. आणि यातलं काहीच खोटं नव्हतं! म्हणून 'लोभ नडला' असं मला कुणी ऐकवू नये. मी माझेच पैसे परत मागत होते.

नोंदणीचे ७,५००. मग वकिलाची फी १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. मग प्रतिज्ञापत्र आणि नोटरीचे ४,२००.

वकीलपत्राची पीडीएफ आली तिथेच थांबायला हवं होतं. माझं नाव, पॅन, डीमॅट क्रमांक नीट टाइप केलेले. वकिलाच्या नावाची जागा कोरी, सनद क्रमांकाची, म्हणजे वकिलाच्या नोंदणी क्रमांकाची, जागा कोरी. विचारलं, तर म्हणे, "सीनियर वकील ठरतायत ताई, तुम्ही सही करून पाठवा, मुदत संपतेय." ती कोरी रेघ मी झूम करून पाहिली होती. पण ग्रुपवर 'सही केली', 'पैसे भरले' असे मेसेज धडाधड पडत होते. त्यातले किती नंबर त्याचेच होते, देव जाणे.

जीएसटीचं तर ऐकाच. वकील तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य व्यक्तीला जी सेवा देतो तिच्यावर जीएसटी लागतच नाही. पावतीवर जीएसटी क्रमांकही नव्हता. करारात वसुलीच्या २० टक्के वेगळे लिहिलेले. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, त्यामुळे टक्केवारीची भाषा ऐकली की फोन ठेवा. आणखी एक त्याने कधीच सांगितलं नाही: दिवाळखोरी प्रक्रिया चालू असताना दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ मुळे कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, आणि पैसे वाटपाच्या रांगेत इक्विटी भागधारक सगळ्यात शेवटी उभा असतो. संचालक आणि ऑडिटर यांच्याविरुद्ध जाता येतं, पण तो लांबचा रस्ता आहे.

याचिका दाखल झाली म्हणून त्याने एक क्रमांक दिला. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच कंपनीचं प्रकरण! ही तपासणी फुकट होते. पहिला रुपया देण्याआधी करा.

आता आपल्या यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पैसे तोवर खात्यातून निघून गेले होते. बँक म्हणते, तुम्ही स्वतःच पाठवलेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे तक्रार टाकली, तर हा माणूस आमच्याकडे नोंदणीकृत नाही, सबब आमच्या कक्षेत नाही. अहो, नोंदणी नसताना धंदा करतो हीच तर तक्रार आहे! पोलीस ठाण्याने सायबरकडे पाठवलं, सायबरने आर्थिक गुन्हे शाखेकडे, आणि तिथला साहेब रक्कम ऐकून म्हणाला, "एवढ्यासाठी?" एवढ्याएवढ्याचे शेकडो जण आहेत साहेब. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी माझ्या अर्जावर नुसता पोचेचा शिक्का. पोलीस अधीक्षकांना लेखी दिलंय, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.

तुम्हीही पैसे भरले असतील तर चॅट आजच एक्सपोर्ट करा, त्याच्या खात्याचा तपशील आणि पावत्या वेगळ्या ठेवा. त्याला जाब नंतर विचारा. आमच्यातल्या एकाने आधी विचारला आणि सकाळी उठून बघतो तर ग्रुपच नाही.