तारांकित प्रश्न की स्थायी समिती?
परवा रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर क्रेटमध्ये कोळंबीवर बर्फ टाकता टाकता विषय निघाला, 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं टॅरिफ म्हणजे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तर व्यापार करारावर किंवा सरकारी परदेश दौऱ्यांच्या खर्चावर सरकारला जाब विचारायचा कुठे? तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, वर पुरवणी प्रश्न येतात, पण लोकसभेत दिवसाला 20च, त्यातलेही थोडेच पुकारले जातात. तरी परदेश दौऱ्यांच्या खर्चाला हाच रस्ता बरा, आकडा रेकॉर्डवर येतो. संसदेच्या वाणिज्य विषयाच्या स्थायी समितीत 31 खासदार, अधिकाऱ्यांना समोर बसवून खोदून विचारता येतं, बैठक बंद दाराआड आणि शिफारशी बंधनकारक नाहीत हे खरंय, तरी व्यापार करारासाठी मला समितीच हवी, कारण आपल्याकडे करार करायला संसदेची मंजुरी लागतच नाही हो!