जुनी टर्बो टू-सीटर, अकरा महिने, 14 हजार किलोमीटर अन् एक ब्रेक पेडल

गाडी पुण्याहून सेकंड हँड आणली तेव्हा वडील एकच म्हणले, "दोनच सीटं हायेत, मग चार माणसायच्या घरात ही करायची काय?" त्याचं उत्तर आजपण माझ्याकडं नाही. दहा वर्षं जुनी टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, जमिनीला घासत चालणारी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता, रबर म्हातारं झालं होतं अन् बाकीचं आमच्यासारख्यांनी करून ठेवलं.

आधी बाकीचं उरकून टाकतो. मायलेज शहरात 9, हायवेला 13. एसी मे महिन्यात दुपारी 42 डिग्रीत सिग्नलला उभं राहिलं की हात टेकतो, चालत्या गाडीत ठीक. गतिरोधकावरून तिरकी काढायची सवय लागती, गावाकडं जायचं असलं तर भावाची जीप मागायची. इंजिन मात्र राजा आहे, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. लिहायला बसलो ते ब्रेकसाठी.

पहिले चार महिने काहीच नव्हतं. मग दिवाळीच्या नंतर, समृद्धीवर सावंगीला चढलो अन् जालन्याकडं चाललो होतो, एका ट्रकला ओव्हरटेक करायला पूर्ण दाबून काढली अन् तेवढ्यात पुढचा टेम्पो लेन बदलून समोर. ब्रेकवर पाय टाकला तर पेडल दगड! म्हणजे खाली गेलंच नाही, विटेवर पाय ठेवल्यासारखं. जीव खाऊन दाबलं तेव्हा गाडी थोडी दबली, पाय उचलून पुन्हा दाबलं तर एकदम नेहमीसारखं नरम. सगळा खेळ दीड-दोन सेकंदाचा, पण 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाती, हिशोब तुम्हीच करा. पुढं बदनापूरला थांबून चहा घेतला तरी हात थरथरत होते.

गंमत अशी की सावकाश चालवली तर ब्रेक लोण्यासारखा. जालना रोडच्या ट्रॅफिकमधी दिवसभर फिरवा, काही नाही. वर्कशॉपवाला क्रांती चौकापर्यंत चक्कर मारून यायचा अन् म्हणायचा, "साहेब, कुठं काय आहे?" त्यानं स्कॅनर लावला, एकही कोड नाही. मग त्याच्या मते पॅड ग्लेझ, म्हणजे तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले होते, ते बदलले, सोबत डिस्क घासून घेतल्या, साडेनऊ हजार. फरक शून्य. आता वाटतं तेव्हाच डोकं लावायला पाहिजे होतं, पॅड ग्लेझ असले तर ब्रेक सारखाच कमी लागंल ना, फक्त जोरात पळवल्यावरच कसा काय रुसंल?

दुसऱ्या ठिकाणी गेलो. त्यांनी मात्र एक टेस्ट केली, ती खरी टेस्ट आहे, सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपून ते कडक होतं, मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचतोय. माझं बसलं. म्हणून त्यांनी जाहीर केलं की बूस्टर ओके, मग राहिला मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा पंप, तो बदला. पेडल स्पंजी नव्हतं, हळूहळू खाली जात नव्हतं, मास्टर सिलेंडर जायची एकपण खूण नाही, पण मी मान हलवली कारण मला घाई होती अन् मित्राच्या लग्नाला लातूरला जायचं होतं. अकरा हजार गेले.

अन् मग सुरू झालं उलटंच. आता पेडल इतकं नाजूक की बूट टेकवला की गाडी नाक खुपसायची, बाजूला बसलेला माणूस डॅशबोर्डवर. सकाळी थंड असताना जरा बरं, वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की पेडल वरवर यायला लागायचं अन् आणखीच चावायचं, गाडी उतारावर सोडली तरी पळंना. अन् वरून पूर्ण दाबून पळवल्यावर पहिला दाब तसाच दगड! मी ज्याला सांगायचो तो म्हणायचा, "अरे, कडक आहे का नाजूक, एक काहीतरी ठरव." वर्कशॉपवाला म्हणला स्पोर्ट्स कारचा ब्रेक असाच असतो, सवय करा. महिनाभर मी खरंच सवय केली. ऊस तोडणी जोरात होती, बिनलाइटच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर, अन् माझ्याकडं असला ब्रेक. मूर्खपणा होता तो, सरळ सांगतो.

शेवटी मोंढ्याजवळच्या एका चाचांकडं गेलो. त्यांचं आयुष्य ट्रकच्या हवेच्या ब्रेकात गेलं, असली गाडी बघून हसतीलच असं वाटलं होतं. हसले नाहीत. बॉनेटला हात न लावता पंधरा मिनिटं नुसतं विचारत बसले, कवा कडक, कवा नरम, थंडीत का गरम झाल्यावर. मग म्हणले, "बेटा, दो बिमारी है, तू एक समझ के इलाज करा रा."

पहिली टेस्ट: इंजिन चालू करून बंद केलं अन् मला चहा पाजला. दहा मिनिटांनी म्हणले, दाब. चांगल्या गाडीत इंजिन बंद झाल्यावरपण दोन-तीन दाब नरम मिळाले पाहिजेत, कारण बूस्टरमधी व्हॅक्यूम कोंडून राहतो. माझा पहिलाच दाब दगड. म्हणजे व्हॅक्यूम पोचतोय पण थांबत नाही! दुसऱ्या वर्कशॉपनं अर्धीच टेस्ट केली होती.

बूस्टरच्या पाइपात एक छोटा वन-वे व्हॉल्व्ह असतो, हवा इंजिनकडं जाऊ देतो, परत येऊ देत नाही. साध्या पेट्रोल गाडीत एक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणारा पाइप, बूस्टरला व्हॅक्यूम तिथूनच मिळतो) व्हॅक्यूम जवळपास संपतो, टर्बोत तर उलटा दाबच तयार होतो. काही टर्बो गाड्यांना यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, माझ्या गाडीला नाही. तेव्हा आधीचा साठा राखायचं काम त्या बोटाएवढ्या व्हॉल्व्हचं. चाचांनी तो काढून पुसला, तोंडाला लावून फुंकला, मग उलटा करून फुंकला, दोन्हीकडून हवा आरपार. आतलं रबर तेलाच्या वाफेनं कडक होऊन वाकलेलं. म्हणजे मी टर्बो पळवली की साठा पळून जायचा, पाय उचलला की दोन सेकंदात पुन्हा भरायचा. समृद्धीवरचे ते दोन सेकंद! स्कॅनरला हे दिसणार कुठून, माझ्या गाडीत तिथं सेन्सरच नाही. व्हॉल्व्ह अन् पाइप मिळून 2,600 रुपये.

व्हॅक्यूम मोजायचा काट्याचा मीटरपण लावला त्यांनी. आयडलला, म्हणजे गाडी उभी अन् इंजिन नुसतं चालू असताना, 18 ते 22 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असं जे सगळीकडं लिहिलेलं असतं ते समुद्रकाठचं, दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचं. आपलं संभाजीनगर जवळपास 1,900 फुटावर, त्यामुळं 17 दिसला म्हणून घाबरून इंजिन खोलू नका.

दुसरी बिमारी मला जास्त लागली, कारण ती पैसे देऊन घेतलेली. वीस किलोमीटर फिरवून आणली, जॅक लावला, चाक हातानं फिरंना. चाचांनी मास्टर सिलेंडरचे बूस्टरला धरणारे दोन नट थोडे सैल केले, मास्टर सिलेंडर जरा पुढं सरकला अन् चाक सुटलं. बूस्टरमधून एक दांडी सिलेंडरच्या पिस्टनला ढकलती, नवीन सिलेंडर टाकताना ती मापून लावावी लागती, कागदभर जागा ठेवून. इथं कुणी मापलीच नव्हती, दांडी पिस्टनला कायम टोचत होती. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागं येऊन एक बारीक छिद्र उघडं व्हायला पाहिजे, तापून फुगलेलं ब्रेक ऑइल तिथून ऑइलच्या बाटलीत परत जातं. पिस्टन केसभर पुढं राहिला की छिद्र बंद, ऑइल फुगतं, पॅड दाबून धरतं, घासून आणखी तापतं, आणखी फुगतं. म्हणून गरम झाल्यावर पेडल वर अन् नाजूक. दांडीचं पुढचं टोक फिरवून कमी केलं, मजुरी 700 घेतली, मी हजार ठेवले तर तीनशे परत केले.

ऑइल काकवीसारखं काळं निघालं, तेपण बदललं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी पिलं की मर्यादा 155 वर येती, अन् हे ऑइल हवेतली ओल पितंच, म्हणून दोन वर्षांनी बदलाच. तापून राहिलेल्या ब्रेकात असलं ऑइल म्हणजे मी किती दिवस नशिबावर फिरलो ते तेव्हा कळलं.

मग दौलताबादवरून खुलताबादला घाट चढलो, मुद्दाम दाबून, वळणावर ब्रेक, पुन्हा दाबून, पुन्हा ब्रेक. प्रत्येक दाब सारखा. परत आल्यावर रिमला हात लावला, चारही कोमट. पायाला मात्र आठवडा लागला, कधी जास्त दाबायचा तर कधी घाबरून अर्धाच.

आता तीन महिने झाले, 4 हजार किलोमीटर. रात्री पाऊस पडला तर सकाळी पहिले दोन ब्रेक जरा चावतात, डिस्कवर गंज धरतो, घासला की जातो, त्याला मी हात लावत नाही. दर रविवारी गाडी बंद असताना पेडल दाबून नरम दाब मोजतो, तीन येतात. वडील ओसरीवरून बघतात अन् आईला म्हणतात, "पोरगं गाडी बंद करून नुसतं पाय आपटायलंय, कुठं जात तर नाही."