आठ महिने वापरलेला ५५० वॅटचा एसएमपीएस आणि बारा सेंटिमीटर कमी पडलेली केबल

सप्टेंबरमध्ये हा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बसवला आणि त्याच रात्री कॉम्प्युटरचा डिस्प्ले गेला. तेव्हा रागाच्या भरात मी दोन तारे दिले होते. आज मे महिना आहे, मशीन रोज दहा तास चालतंय, म्हणून पुन्हा नीट लिहिते आहे. कार्यक्षमतेचं ब्राँझ रेटिंग, पाच वर्षांची वॉरंटी हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते इथे परत सांगत नाही. मला सांगायचं आहे ते प्रोसेसरच्या केबलबद्दल, जिच्याविषयी खोक्यावर एक अक्षर नाही.

मी साताऱ्यात घरून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं, काम करते. सप्टेंबर म्हणजे दिवाळी अंकांचे दिवस. मशीन मूळ मुलाच्या गेमसाठी जुळवलेलं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, बी४५० मदरबोर्ड. तो शिकायला बाहेर गेला आणि ते माझ्या वाट्याला आलं. तो सुटीत येऊन गेम लावायचा तेव्हा मशीन अचानक रिस्टार्ट व्हायचं. पुढे मुखपृष्ठाची मोठी फाइल उघडली तरी होऊ लागलं. गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी मल्टिमीटर आणून पिवळ्या आणि काळ्या तारेवर व्होल्टेज मोजलं. रिकामं असताना ११.८, काम सुरू झालं की ११.२. बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. "ताई, हा एसएमपीएस बदला, नाहीतर कार्ड घेऊन जाईल," असं काकांनी स्पष्ट सांगितलं.

जुन्यावर ४५० वॅट लिहिलं होतं. पण त्याच्या लेबलवरचा तक्ता वाचला तर बारा व्होल्टच्या लाइनला फक्त १८ अँपियर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने ८८ वॅटपर्यंत घेतो, कार्ड १२५. दोघांचेच २१३ झाले, आणि पंखे, हार्ड डिस्क वेगळे. असेंबल करणाऱ्याने तिथे पैसे वाचवले आणि आम्ही चार वर्षं ते भोगलं. नवा घेताना मी तोच तक्ता आधी पाहिला: ४२ अँपियर, म्हणजे ५०४ वॅट. पुण्याला तपकीर गल्लीत गेले, ३,९०० रुपये मोजून आणला. माझ्यासारखीला ही लहान रक्कम नाही, अंकाची पंचवीस-तीस पानं लावावी तेव्हा एवढे हातात येतात.

घरी मीच बसवला. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर, कार्डाचा आठ पिनांचा, हार्ड डिस्कचा, प्रोसेसरचा चार अधिक चार पिनांचा. बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचे पंखे फिरले, मॉनिटरवर "नो सिग्नल". कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तर दिवा लागत-विझत नव्हता. म्हणजे नुसती स्क्रीन काळी नव्हती, बोर्ड सुरूच होत नव्हता. असा प्रसंग आला तर ही खूण आधी तपासा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मग दोन रात्री गेल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून, सोनेरी दात पुसून, एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. कार्ड काढून परत बसवलं. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढून दहा मिनिटं ठेवला. ओळखीच्यांचा सल्ला एकच: "मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डला लावून बघा." पण माझ्या ३६०० प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या पोर्टला केबल लावली तर चांगल्या मशीनवरही काळंच दिसणार. ज्यांच्याकडे रायझनचं जी अक्षरवालं मॉडेल आहे किंवा इंटेलचं एफ नसलेलं आहे, त्यांनी जरूर करावं. माझा त्यात एक तास गेला.

बोर्डाच्या कडेला कुठे अडलं ते दाखवणारे चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. त्यातला सीपीयूचा लाल दिवा लागून राहिला होता. तो पाहून बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने मशीन दहा मिनिटं बघितलं, तपासणीचे ३०० रुपये घेतले आणि सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेला, कदाचित प्रोसेसरही. नवीन बोर्डाचे साडेसात हजार होतील." रिक्षातून मशीन परत आणताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त अंकाची राहिलेली पानं होती.

घरी येऊन मी जुना एसएमपीएस परत जोडला. तो अर्धमेला होता, मेलेला नव्हता. डिस्प्ले आला. बोर्ड जिवंत, प्रोसेसर जिवंत, साडेसात हजार वाचले. पण साहजिकच मला वाटलं, नवाच पीस खराब. दोन तारे त्या रात्रीचे.

पुढे कंपनीचं पुण्यातलं सर्व्हिस सेंटर. पहिली फेरी: बिलावर सिरियल नंबर नाही म्हणून पीस घेतला नाही. दुकानात परत जाऊन नंबर लिहून शिक्का आणला. दुसऱ्या फेरीत काउंटरवरच्या मुलाने चोवीस पिनांत टेस्टर लावला, तिन्ही दिवे हिरवे, बारा व्होल्टला १२.१. "पीस ओके आहे, मॅडम." मी म्हटलं, अरे, याच्यावर माझं मशीन सुरू होत नाही आणि जुन्यावर होतं. तो म्हणाला, मशीन घेऊन या. साताऱ्याहून पुणे शंभरावर किलोमीटर, कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने येऊ का? मी तिथे आवाज चढवला, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्याने टेस्टरला प्रोसेसरचा कनेक्टर जोडलाच नव्हता. मी आग्रह धरला तेव्हा जोडला. तोही हिरवा.

परतीच्या एसटीत मला सुचलं की दोन्हींमध्ये फरक काय ते शोधायला हवं. जुन्याने चालतं, नव्याने नाही, आणि नवा चांगला आहे. मग उरतं ते जोडणं.

घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं. एसएमपीएस खाली बसतो आणि प्रोसेसरचा सॉकेट बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, वरचा पंखा आणि कूलर यांच्या आड. जुन्याची केबल बोर्डाच्या मागून फिरून आरामात वर यायची. नव्याची पुरत नव्हती, म्हणून मी ती कार्डावरून तिरकी ओढून लावली होती. ताणामुळे प्लग तिरका झाला होता, कडेची कडी अडकलीच नव्हती आणि तो तीन-चार मिलिमीटर बाहेर सरकला होता. समोरून बघितलं तर लावलेला दिसायचा. अंगठ्याने जोर दिला, कट् असा आवाज आला. बटण दाबलं, डिस्प्ले आला.

पंखे फिरतात मग करंट नाही कसा, हा प्रश्न मलाही छळत होता. उत्तर असं: पंखे, दिवे, हार्ड डिस्क यांना वीज चोवीस पिनांतून आणि इतर केबलींतून मिळते. प्रोसेसरला मात्र बारा व्होल्टची स्वतंत्र वाट आहे. २००० साली, पेंटियम फोरच्या काळात, त्यासाठी चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला, पुढे तो आठचा झाला. ती वाट तुटली की सगळं घर उजळलेलं आणि प्रोसेसर उपाशी. लाल दिवा सीपीयूचा लागतो तो याचसाठी. त्या दुकानदाराने दिवा बरोबर पाहिला, प्लगला हात लावला नाही.

आता तक्रार. मी सुतळीने माप घेतलं. माझ्या कॅबिनेटमध्ये मागच्या वाटेने ६२ सेंटिमीटर लागतात. या एसएमपीएसची केबल ५० सेंटिमीटर. कॅबिनेट काही राक्षसी नाही, साधं मधल्या आकाराचं आहे, निम्म्या घरांत असतं. खोक्यावर कार्यक्षमतेचे आलेख आहेत, पंख्याच्या बेअरिंगचं नाव आहे, पण केबलची लांबी नाही. वेबसाइटच्या पानावरही नव्हती. मी कंपनीला मेल केला, उत्तर आलं की एक्स्टेन्शन, म्हणजे केबल लांबवणारा जोडतुकडा, वापरा. ते ४२० रुपयांना घेतलं. म्हणजे वस्तू ३,९०० ची नाही, ४,३२० ची आहे. शिवाय तपासणीचे ३०० आणि पुण्याच्या दोन फेऱ्या. बारा सेंटिमीटर तारेला कंपनीला किती खर्च आला असता? शिवाय प्रोसेसरच्या चार अधिक चार आणि कार्डाच्या सहा अधिक दोन या प्लगांवरची अक्षरं काळ्यावर काळी, नखाने चाचपून वाचावी लागतात. मी दोन्हींना रंगीत दोरा बांधला.

एका मैत्रिणीने सुचवलं होतं की तिच्याकडच्या मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्ट्या निघणाऱ्या, एसएमपीएसची लांब केबल लाव. तसं कधी करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग बसतो, आणि पाचच्या जागी बारा व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. बोर्डाच्या बाजूने लावायचं एक्स्टेन्शन वेगळं, ते चालतं.

जानेवारीत परत एकदा मी याला दोष दिला. वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडायचं. मला वाटलं, आला परत मूळ पदावर. पण यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन वर्षांची झाली होती. ९५० रुपयांची नवी टाकली आणि महावितरणच्या कृपेने दिवसात तीनदा वीज गेली तरी मशीन हललं नाही. तो आळ मी इथे मागे घेते.

बाकी खरं सांगायचं तर आठ महिन्यांत एकही रिस्टार्ट नाही. एप्रिलच्या उन्हात, दुपारी दोनला, पत्र्याखालच्या खोलीत काम करतानाही काकांनी मोजलं तेव्हा बारा व्होल्टची लाइन १२.०४ वर होती. पंखा इतका शांत की सुरुवातीला फिरतोय का ते कागदाची पट्टी धरून पाहिलं. दिवाळी अंकाची १९२ पानं मी शेवटी वेळेत दिली, आणि त्यातली शेवटची चाळीस याच्यावरच झाली.

म्हणून चार तारे. पाचवा केबलीने घालवला आणि तो मी देणार नाही. घेणाऱ्यांनी कॅबिनेट उघडून मागच्या वाटेने सुतळी फिरवावी, ती मोजावी, आणि दुकानदाराला खोकं फोडून केबल दाखवायला सांगावं. तो कुरकुरेल, पण दाखवतो. बिलावर सिरियल नंबर तिथेच लिहून घ्यावा आणि बिलाची झेरॉक्स काढून ठेवावी. माझ्या मूळ बिलाची शाई आठ महिन्यांतच इतकी उडाली आहे की तारीख वाचता येत नाही, आणि वॉरंटीची अजून चार वर्षं चार महिने बाकी आहेत.