रिपीटर, मेश की सरळ वायर? आतल्या खोलीपर्यंत वायफाय नेताना

फायबरचा डबा, म्हणजे वायफाय देणारा राउटर, हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणि मुलांचा अभ्यास शेवटच्या खोलीत, अशीच मांडणी बहुतेक टू-बीएचकेत असते. मध्ये दोन भिंती, बाथरूमचे पाइप आणि लोखंडी कपाट. तिथे रेंज अडखळली की आपण दुकानात जातो आणि दुकानदार रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा छोटा डबा, हातात देतो. माझं मत आधीच सांगते: वायर ओढणं शक्य असेल तर वायरच ओढा.

पण त्याआधी फोन 5 गिगाहर्ट्‌झच्या बँडवर (वायफायचा जास्त वेगाचा, पण भिंतींपुढे लवकर थकणारा पट्टा) ठेवून दोनदा स्पीड टेस्ट करा, एकदा राउटरच्या अगदी जवळ आणि एकदा त्या खोलीत. राउटरजवळच 100 एमबीपीएसच्या प्लॅनला 30 मिळत असतील, तर आधी कनेक्शनची तक्रार नोंदवा. जवळ चांगला आणि आत मरतुकडा असेल, तर अडचण रेंजची आहे. मग राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवून बघा. काही घरांत एवढ्यानेच भागतं.

रिपीटर दीड-दोन हजारांत मिळतो आणि पाच मिनिटांत लागतो. त्याची मेख अशी की साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड जवळजवळ निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय देणार? तो वाटेत, रेंज अजून चांगली आहे अशा ठिकाणी लावायचा. गॅलरीत बसून व्हॉट्सॲप बघायला पुरतो. ऑनलाइन क्लास किंवा ऑफिसच्या कॉलसाठी मी तो घेणार नाही.

मेशमध्ये दोन-तीन डबे मिळून एकच नेटवर्क चालवतात. चालता चालता फोन जवळचा डबा धरतो, नाव-पासवर्ड एकच राहतो. खर्च मात्र रिपीटरच्या कितीतरी पट. डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर भिंतींचा त्रास त्यांनाही होतोच. दुमजली घरात तर मधल्या स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते; म्हणून वरचा डबा जिन्याच्या तोंडाशी ठेवा. भाड्याच्या घरात, जिथे मालक भिंतीला खिळाही मारू देत नाही, तिथे मेशच बरा. घेताना प्रत्येक डब्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायचं भोक) आहे ना ते बघा, म्हणजे पुढे वायर जोडता येते.

आता वायर. कॅट 6 या नेटवर्क केबलवर 100 मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचा वेग मिळतो, भिंती कितीही असोत. पलीकडच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावायचा, म्हणजे तो वायरने आलेलं नेट फक्त वायफायवर देतो. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि वायर दोन्हीकडे लॅन पोर्टलाच जोडा. नाव-पासवर्ड दोन्हींना सारखाच ठेवा. 2.4 गिगाहर्ट्‌झवर (वायफायच्या दुसऱ्या, लांब पोचणाऱ्या बँडवर) एकाला चॅनल 1 आणि दुसऱ्याला 6 किंवा 11 द्या, कारण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल तेवढेच.

केबल अस्सल तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही त्याच रंगात मिळते. क्रिम्पिंग करणाऱ्याला, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणाऱ्याला, आठही तारा जोडायला सांगा, चारच जोडल्या तर वेग 100 एमबीपीएसवरच अडकतो. फ्लॅटमध्ये टीव्ही किंवा टेलिफोनचा जुना पाइप रिकामा असेल तर त्यातून ओढा. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र नको. पाइप नसेल तर भिंतीवर चिकटवायची प्लास्टिकची केसिंग पट्टी.

कोकणातल्या जांभ्याच्या घरात फूटभर जाडीच्या भिंती 5 गिगाहर्ट्‌झला पार दमवतात. पण कौलारू घर असेल तर भिंतीच्या माथ्यावरून, वाशांच्या कडेने ओटीपासून माजघरापर्यंत वायर जाते, ड्रिलही लागत नाही. अशा घरात मेशवर पैसे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात. जुनं वायरिंग, वेगवेगळे फेज, मध्ये इन्व्हर्टर असं असलं की त्यांचा भरवसा राहत नाही.

काहीही घेतलंत तरी दुसऱ्या डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते आधी बघून ठेवा. नाहीतर लोडशेडिंगमध्ये हॉलमधलं नेट चालू आणि अभ्यासाच्या खोलीतलं बंद, असं होईल.