यामाहा ए-एस३०१ आणि क्यू अकूस्टिक्स ३०२०आय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ए-एस३०१ हा स्टिरिओ अँप्लिफायर (अँप) आणि ३०२०आय ही त्याला जोडलेली स्पीकरची जोडी. खोली १० बाय १२ फूट, खाली टाइल्स. बसायची जागा स्पीकरपासून अडीच मीटरवर. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि जुनी मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी) रेकॉर्डिंग्ज, तीही रात्री हळू आवाजात. आठ महिन्यांनी या जोडीबद्दल ठामपणे सांगता येतं की अँप आणि स्पीकर एकमेकांना शोभतात. निम्मं काम मात्र स्पीकर कुठे ठेवले यावरच झालं.

सगळे आधी वॅट विचारतात. ए-एस३०१ आठ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध, तो जितका कमी तितका अँपवर भार जास्त) दर चॅनलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, ६० वॅट देतो. ३०२०आयची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल आहे, म्हणजे साधारण एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल. अडीच मीटरवर त्यातले आठ कमी होतात आणि दोन स्पीकर मिळून तीन वाढतात. म्हणजे एकेका वॅटवरच कानाशी ८३ डेसिबल पोचतात, तेही खोलीची भर न धरता. घरात आपण सरासरी ७५ला ऐकतो. तबल्याची थाप त्याच्या वर २० डेसिबल उसळली तरी सोळा-सतरा वॅट पुरतात. १०० वॅटचा अँप घेऊन जेमतेम दोन डेसिबल वाढले असते. ते पैसे स्टँडवर घालावेत.

ओहमकडे मात्र नीट बघा. ३०२०आय नावाला सहा ओहमचे असले तरी काही फ्रीक्वेन्सींना चारपर्यंत उतरतात. एक जोडी या अँपला जड नाही. पण मागे ए आणि बी अशी दोन जोड्यांची टर्मिनल्स आहेत म्हणून अशीच दुसरी जोडी लावून दोन्ही एकदम चालवली, तर अँपला नावाला तीन आणि प्रत्यक्षात दोन ओहमपर्यंतचा भार दिसतो. मग अँप तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो.

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची घेतली तरी चालते. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या आसपास, चार ओहमपुढे नगण्य. टोक सेंटिमीटरभर सोला आणि तारा घट्ट पिळा. एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली, तर बास नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधून न येता खोलीभर पसरतो. मोनो रेकॉर्डिंग लावलं की हे लगेच कळतं.

आता जागा. हे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबले की घुमतात, कारण पोर्ट, म्हणजे बास वाढवणारं हवेचं भोक, मागे आहे. पोर्टात घालायचे फोमचे बोळे सोबत मिळतात. स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावे लागणार असतील तरच ते घाला. या खोलीत मागे नऊ इंच मोकळे, बोळे काढलेले, दोन स्पीकरमध्ये सहा फूट आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा गोल) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असं बसलं. बसायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असताना खालचे सूर फुगायचे, दोन फूट पुढे ओढल्यावर ते जागेवर आले. टाळी वाजवून बघा. झणझणीत प्रतिध्वनी आला तर उघड्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली गालिचा घाला. गायकाचे 'स' आणि 'श' टोचायचे थांबतात. बऱ्याचदा लोक याच टोचण्यासाठी अँप बदलतात, आणि दोष अँपचा नसतोच.

या अँपमधली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे लाउडनेसचा नॉब, आणि तोच बहुतेक जण उलटा वापरतात. आधी लाउडनेस फ्लॅटवर ठेवायचा. व्हॉल्यूम, आपण जास्तीत जास्त जितक्या मोठ्याने ऐकतो, तितका न्यायचा. मग व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेसच फिरवत आवाज खाली आणायचा. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. हा नॉब मधले सूर जास्त उतरवतो आणि खालचे राखतो. रात्री अकरा वाजता, शेजाऱ्यांना त्रास न होता, तबल्याचा डग्गा भरलेला ऐकू येतो तो यामुळे. प्युअर डायरेक्ट (आवाज या नॉबांना वळसा घालून सरळ नेणारं बटण) चालू असेल तर हा नॉब आणि बास-ट्रेबलचे टोन नॉब दोन्ही बंद असतात.

टीव्ही ऑप्टिकलने जोडलात आणि आवाजच आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न गुंडाळलेला डिजिटल आवाज) करा. हा स्टिरिओ अँप डॉल्बी उलगडत नाही.

मर्यादा स्पीकरची आहे. कंपनी खालच्या सुरांची मर्यादा ६४ हर्ट्झ लिहिते, पण तिथे आवाज सहा डेसिबल उतरलेला असतो. काळी एकच्या तानपुऱ्याचा खरज (सर्वांत खालची तार) ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे अगदी कडेवर. नऊ इंचांवरची भिंत त्याला जो आधार देते तेवढ्यावर तो उभा राहतो, आणि मागे तीन फूट मोकळे सोडले की बारीक होतो. काळी पाचच्या तानपुऱ्याचा खरज ११६ हर्ट्झला, तो कुठेही ठेवलं तरी गोल येतो. पखवाजाच्या डाव्या पुडीचा भार थोडा उणाच राहतो. फारच खटकलं तर अँपच्या मागच्या सबवूफर आउटला छोटा सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) लावा आणि त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे तो कुठवरचे सूर वाजवणार ती मर्यादा, ६० ते ७० हर्ट्झच्या वर नेऊ नका.