पन्हाळ्याचा वेढा आणि ड्रोनची लढाई

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तो महिनोन्‌महिने उठला नाही. राजापूरचे इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. जुलैच्या त्या पावसाळी रात्री शिवा काशीद राजांच्या वेशात पालखीत बसला. पकडलं गेल्यावर काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इकडे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवली. मारणारा आणि मरणारा एकमेकांचे डोळे पाहू शकत होते.

ड्रोनने हेच हिरावून घेतलं. २०२० मध्ये आर्मेनिया-अझरबैजानच्या नागोर्नो-काराबाखमधल्या लढाईत आणि आता युक्रेनमध्ये बटण दाबणारा कित्येक मैल लांब, पडद्यासमोर. नेम अचूक असतो म्हणे, पण स्वतःला खरचटण्याची भीती नसली की युद्ध सुरू करणं फार सोपं होतं. मला खरी धास्ती त्याचीच वाटते.

कारणं मात्र तीच, जमीन आणि सत्ता. जुनं युद्ध पवित्र होतं असंही नाही. वेढा म्हणजे गडावरच्या लेकराबाळांचीही उपासमार. तरी नैतिकतेच्या तराजूत मी खिंडीतल्या तलवारीला झुकतं माप देते. आमच्या कोल्हापूरची पोरं दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत जातात, पायाला फोड येईपर्यंत. ड्रोनच्या लढाईची अशी वाट कुठून कुठे चालायची?