पोलरिमीटरसाठी ०.९ अंशाची स्टेपर मोटर : एका गळीत हंगामाचा अनुभव

उसाच्या रसातील साखर मोजणाऱ्या पोलरिमीटरमध्ये अ‍ॅनालायझरची (नळीपलीकडच्या, फिरवता येणाऱ्या ध्रुवकाची, म्हणजे एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणाऱ्या काचेची) कडी हाताऐवजी मोटरने फिरावी, यासाठी आम्ही नेमा १७ या प्रमाणित मापाची ०.९ अंशाची स्टेपर मोटर (एका पावलाला तेवढीच फिरणारी) आणि साठ दातांचे वर्म गिअर (मळसूत्रासारखा वर्म आणि त्याने फिरणारे दातेरी चाक) अशी जोडी बसवली. सांगली जिल्ह्यातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत हे उपकरण गळिताच्या सुरुवातीपासून हंगाम संपेपर्यंत रोज चालले. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे : अशा कामासाठी मोटर निवडताना तिचे पाऊल किती लहान आहे यापेक्षा ती त्याच जागी पुन्हा किती नेमकी येते, हे आधी पाहावे.

गरज किती बारीक आहे ते प्रथम सांगतो. साखर उद्योगातील आंतरराष्ट्रीय मोजपट्टीनुसार २६ ग्रॅम शुद्ध साखरेचे १०० मिलिलिटर द्रावण २०० मिलिमीटरच्या नळीत, २० अंश सेल्सिअस तापमानाला, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल सुमारे ३४.६ अंशांनी वळवते, आणि या वळणाला १०० अंश साखर, म्हणजेच १०० पोल, मानतात. म्हणजे पोलचा एक अंश मोजायचा तर कडीचे ०.३५ अंश, आणि एक दशांश मोजायचा तर केवळ ०.०३५ अंश हाती असतात. मोटर आणि गिअर मिळून याच्या निम्म्याहून अधिक चूक करत असतील, तर पुढचे सगळे गणित व्यर्थ आहे.

या कसोटीवर स्वस्त पर्याय लगेच गळतात. एसजी९० सारख्या छोट्या सर्वो मोटरचा डेडबँडच (ज्या फरकाला ती प्रतिसादच देत नाही तो पट्टा) साधारण एका अंशाचा असतो, शिवाय ती स्थिर उभी असतानाही थरथरते. २८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची गिअरवाली मोटर काहीशे रुपयांत मिळते आणि एका फेरीत ४०९६ पावले टाकते असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात तिच्या गिअरचे गुणोत्तर ६४ नसून ६३.६८ च्या आसपास असते, त्यामुळे अर्ध्या पावलांनी चालवल्यास एका फेरीला सुमारे ४०७६ पावले लागतात. ४०९६ धरून प्रोग्रॅम लिहिला तर दर फेरीला जवळजवळ १.८ अंशांची चूक साचत जाते. ही चूक गणिताने सुधारता येते, पण तिच्या गिअरमधला प्ले (दातांमधली सैल हालचाल) कोणत्याही गणिताने जात नाही.

हा प्ले डोळ्यांना दिसावा म्हणून एक सोपी चाचणी सुचवतो. कडीच्या बाहेरच्या काठावर छोटा आरसा चिकटवावा, त्यावर लेझर पॉइंटर रोखावा आणि परावर्तित ठिपका पाच मीटर दूरच्या भिंतीवर पाडावा. आरसा जितका फिरेल त्याच्या दुप्पट किरण वळतो, त्यामुळे कडी ०.०१ अंश हलली तरी ठिपका पावणेदोन मिलिमीटर सरकतो. भिंतीवर पेन्सिलने खूण करून मोटर पुढे न्यावी, मागे आणावी आणि ठिपका खुणेवर परततो का ते पाहावे. २८बीवायजे-४८ चा ठिपका खुणेपासून वीतभर दूर थांबला. आमच्या वर्म गिअरचा सुटा प्लेही बोटभर रुंदीचा निघाला, पण कडी नेहमी एकाच बाजूने खुणेकडे आणली तेव्हा ठिपका दोन-अडीच मिलिमीटरच्या आत परतू लागला आणि हंगामाच्या शेवटपर्यंत तसाच परतत राहिला. म्हणून आमच्या प्रोग्रॅममध्ये मोजणी नेहमी एकाच दिशेने होते. दोन्ही ध्रुवक काटकोनात येतात तिथे प्रकाशाचा किमान बिंदू पसरट असतो, तो थेट पकडता येत नाही. म्हणून कडी त्यावरून सरळ पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंची समान उजेडाची स्थाने नोंदवतो आणि त्यांचा मध्य घेतो.

मायक्रोस्टेपिंगबद्दल, म्हणजे एका पावलाचे आणखी लहान भाग करण्याबद्दल, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जाहिरातीत त्याचाच गाजावाजा असतो. मोटरला प्रवाह देणारा ड्रायव्हर एका पावलाचे सोळा किंवा २५६ भाग करतो हे खरे, पण सोळाव्या भागासाठी मोटरच्या धारण-बलाच्या (उभी असताना जागा धरून ठेवण्याच्या ताकदीच्या) जेमतेम दहा टक्के बल उपलब्ध असते आणि २५६ व्या भागासाठी एक टक्कासुद्धा नसते. बेअरिंगचे घर्षण त्याहून जास्त असेल तर मोटर अनेक आज्ञा गिळते आणि मग एकदम पुढे सरकते. त्यामुळे बारीकपणा आम्ही गिअरकडून घेतला : ०.९ अंशाला साठाने भागले की पूर्ण पावलाला ०.०१५ अंश मिळतात. मायक्रोस्टेप फक्त चाल गुळगुळीत ठेवण्यासाठी वापरतो, थांबतो मात्र पूर्ण पावलावरच.

गिअर टाळून मोटरच्या शाफ्टवर एएस५६०० हा चुंबकीय एन्कोडर (शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर) लावावा, असा सल्लाही मिळाला होता. तो बारा बिटांचा आहे, म्हणजे त्याचा सर्वांत लहान भाग ०.०८८ अंशांचा, पोलच्या पाव अंशाएवढा. आमच्या कामाला तो अपुराच आहे.

हंगामात सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागले ते उष्णतेकडे. स्टेपर मोटर उभी असतानाही पूर्ण प्रवाह घेते आणि तासाभरात हाताला चांगली गरम लागते. ती नमुन्याच्या नळीजवळ असेल तर रसाचे तापमान आणि त्याबरोबर वाचन बदलते. कडीच्या बाजूने जोर आला तरी वर्म फिरत नसल्यामुळे कडी जागेवर आली की आम्ही मोटरचा प्रवाह पूर्ण बंद करतो. ए४९८८ ड्रायव्हरची एनेबल पिन (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारी) बंद केली तरी त्याची आतली मोजणी शाबूत राहते, आणि पूर्ण पावलावर थांबलेली मोटर पुन्हा चालू करताना उडी मारत नाही. हा एक बदल केल्यावर मोटर दिवसभर थंड राहू लागली.

दुसरा त्रास चिपाडाच्या भुकटीचा. प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली की ती वर्मच्या ग्रीसवर बसते आणि काही आठवड्यांत ग्रीस काळपट, जाडसर होते. आता वर्मवर पत्र्याचे झाकण आहे आणि महिन्यातून एकदा ग्रीस पुसून नवे लावले जाते. मोटर आणि वर्म जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) कंपनाने सैल होतो. शाफ्टला सपाट बाजू असलेली मोटरच घ्यावी आणि स्क्रू थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावून त्या सपाट बाजूवर आवळावा.

वर्म थोडा केंद्र सोडून बसलेला असला तर कडीच्या दर सहा अंशांना तीच चूक पुन्हा येते. ती ज्यांचे वळण आधीच माहीत असते अशा क्वार्ट्झच्या प्रमाणित तबकड्यांवर तपासून तक्त्यात नोंदवली आहे, आणि वर्म काढून पुन्हा बसवला की तो तक्ता नव्याने करावा लागतो.